छऱ्यांचे पिस्तूल आणि एकतीस अंश

वाशीमहून पुसदकडे निघाले की वाटेत अनसिंग लागते. गावाचे नाव लोक शृंगऋषींशी जोडतात. इथली हवा वऱ्हाडातल्या इतर गावांसारखीच. पौष-माघातल्या पहाटे तापमापकाचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तर वैशाखातल्या दुपारी चाळिशी सहज ओलांडतो. आमच्या लेखाचा विषय मात्र हवामान नाही. वायूच्या दाबावर चालणारे, पोलादी छरे मारणारे, हौसेसाठी घेतले जाणारे पिस्तूल हा आमचा विषय आहे. शहरातल्या दुकानांतून ते मिळते, विद्यार्थ्यांनी ते चित्रफितींत पाहिलेले असते, आणि वर्गात कोणीतरी विचारतेच : ‘सर, त्याला लायसन लागत नाही म्हणतात. मग ते खेळणे आहे की हत्यार?’ या प्रश्नाचे उत्तर देता देता आम्ही पुन्हा हवामानाशीच येऊन पोचलो. कारण या पिस्तुलाचा सारा इतिहास एका आकड्याभोवती फिरतो. तो आकडा म्हणजे ३१ अंश सेल्सिअस. वर्षभरात अनसिंगची हवा त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना राहून येते.

आधी ओळखीच्या बंदुकीपासून सुरुवात करू. रामनवमीला पोहरादेवीला जा किंवा दुसऱ्या कोणत्याही मोठ्या यात्रेत फिरा, रंगीत फुगे टाचलेली एक फळी आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलेल्या दोन-तीन बंदुका बहुधा दिसतीलच. चालवणारा बंदुकीची नळी खाली मोडतो, छरा घालतो, नळी सरळ करून बंदूक आपल्या हाती देतो. नळी मोडताना जो जोर लागतो तो आत एक भक्कम स्प्रिंग दाबण्यासाठी. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यासमोरची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला ढकलते. म्हणजे यात हवा साठवलेली नसते. ती त्या क्षणी दाबली जाते आणि त्या क्षणीच खर्च होते. शक्ती येते ती चालवणाऱ्याच्या दंडातून. म्हणून दिवसभर फुगेवाल्याकडे उभा राहणारा मुलगा संध्याकाळी खांदा चोळत असतो.

वायूचे पिस्तूल निराळे. त्याच्या मुठीत अंगठ्याएवढे एक पोलादी नळकांडे बसते. त्यात १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो. मुठीखालचा स्क्रू आवळला की नळकांड्याच्या तोंडाची पातळ चकती एका सुईने भोकसली जाते आणि वायू झडपेपर्यंत येऊन थांबतो. घोडा ओढल्यावर आतली हातोडी झडपेच्या दांड्यावर आदळते, झडप निमिषभर उघडते, थोडा वायू सुटतो आणि छरा बाहेर पडतो. दंडाला काम नाही. एका नळकांड्यात पिस्तुलाच्या रचनेप्रमाणे साधारण चाळीस ते सत्तर बार निघतात. अंगणाच्या कोपऱ्यात रिकामे डबे मांडून किंवा खोक्यावर कागदी चक्र चिकटवून पाच-सहा मीटरांवरून मारत बसणे हा त्याचा उपयोग. डबा टणकन उडतो, त्यात एक साधा आनंद आहे. निशाणा साधण्याची हौस माणसाला फार जुनी आहे आणि ती नाकारण्यात आम्हांला काही शहाणपण दिसत नाही. प्रश्न त्या नळकांड्यात काय कोंडले आहे आणि ते कसे वागते याचा आहे. नळकांड्याची गोष्ट समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. हवेच्या बंदुकीची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे.

दाबलेली हवा वस्तू फेकते हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबियसला ठाऊक होते. त्याने हवेच्या दाबावर चालणारे फेकयंत्र केल्याचे वर्णन फिलोने लिहून ठेवले आहे. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या बंदुका होऊ लागल्या. पण हवा साठवून ठेवणारी, लष्कराने खरोखर वापरलेली बंदूक म्हणायची तर ती ऑस्ट्रियाच्या सैन्यातली. बार्तोलोमेओ जिरार्दोनी या घड्याळजी कारागिराने १७८०च्या सुमारास ती दिली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी. नळीशेजारच्या पन्हळीत वीस गोळ्या, एकामागून एक. धूर नाही, ठिणगी नाही, पावसात भिजणारी दारू नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ च्या मोहिमेतही एक हवेची बंदूक होती आणि वाटेतल्या लोकांना चकित करण्यासाठी ती वारंवार डागून दाखवली जाई. मग ही बंदूक मागे का पडली? टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार झोके मारावे लागत. टाक्या बनवणे अवघड, त्यांचे सांधे गळत, आणि प्रत्येक बारागणिक आतला दाब उतरे, म्हणजे पहिली गोळी जितक्या जोराने जाई तितक्या जोराने विसावी जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ती सैन्यातून गेली.

उतरत्या दाबाचा हा दोष काढायचा तर हवेऐवजी असा वायू हवा, जो दाबला की द्रव होतो. याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गॅसच्या टाकीत द्रव आणि त्याच्यावर वायू असतो. शेगडी पेटवली की वरचा वायू जातो, तेवढाच द्रव उकळून त्याची जागा भरतो. टाकी भरलेली असो वा अर्धी, जोवर आत थोडासुद्धा द्रव आहे तोवर दाब ठरतो तो फक्त तापमानावर. थंडीत ज्योत मंद झाली की लोक टाकी कोमट पाण्यात ठेवतात ती याच कारणाने (हा उद्योग करू नये, पण त्यामागचे निरीक्षण बरोबर आहे). कार्बन डायऑक्साइड असाच द्रवरूपात कोंडता आला तर पहिला छरा आणि पन्नासावा छरा सारख्याच वेगाने जाईल. तो द्रवरूप करणे मात्र फार महागात पडले, आणि ती किंमत पैशांत मोजण्याजोगी नव्हती.

१८२२ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर याने एक विलक्षण प्रयोग केला. त्याने बंदुकीच्या नळीचा तुकडा घेतला, त्यात मद्यार्क आणि गारगोटीची एक गोळी घातली, दोन्ही टोके पक्की बंद केली आणि नळी तापवत, हलवत, कान लावून ऐकत राहिला. गोळी द्रवातून घरंगळते तेव्हा एक आवाज होतो, वायूतून घरंगळते तेव्हा दुसरा. एका ठरावीक तापमानानंतर द्रवातला आवाज अजिबात येईनासा झाला. आत द्रव उरलाच नव्हता. नळी बंदुकीची, आत गोळी, आणि तरी बार न उडवता निसर्गाचे एवढे गुपित कळले! विज्ञानाच्या इतिहासात बंदुकीचा याहून चांगला उपयोग आम्हांला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, लंडनला मायकेल फॅरडेने वाकड्या, दोन्हीकडून वितळवून बंद केलेल्या काचनळीत एका टोकाला रसायने आणि दुसऱ्या टोकाला बर्फाची थंडी अशी योजना करून क्लोरीन, कार्बन डायऑक्साइड आणि इतर काही वायू द्रवरूप केले. वायू स्वतःच्याच दाबाखाली द्रव होत. नळी कधी फुटेल याचा नेम नसे. एका स्फोटात काचेचे तेरा तुकडे त्याच्या डोळ्यातून काढावे लागले. दृष्टी वाचली हे त्याचे आणि जगाचे नशीब. विजेच्या प्रवर्तनाचा शोध त्याने १८३१ साली लावला, तो या अपघातानंतरचा आहे हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

पॅरिसच्या तिलोरिएने १८३०च्या दशकात काचेऐवजी ओतीव लोखंडाचे भक्कम भांडे घेतले आणि द्रव कार्बन डायऑक्साइड लिटरांच्या हिशेबात तयार केला. तो द्रव एकदम बाहेर सोडला की त्यातला काही भाग पांढऱ्या बर्फासारखा गोठतो हे १८३५ मध्ये त्यानेच दाखवले. आज आइस्क्रीमच्या पेटीत दिसतो तो कोरडा बर्फ हाच. हे दाखवणे इतके लोकप्रिय झाले की यंत्राच्या नकला शिक्षणसंस्थांत गेल्या. १८४० साली पॅरिसच्या औषधनिर्माण विद्यालयात व्याख्यानाच्या प्रयोगाची तयारी करताना असे एक भांडे फुटले आणि प्रयोगसाहाय्यक एर्व्ही त्यात प्राणाला मुकला. ओतीव लोखंड ठिसूळ असते. ते वाकून, फुगून आधी सूचना देत नाही, एकदम फुटते. यानंतर भांड्यांची बांधणी बदलली. आज पिस्तुलाचे नळकांडे ओतीव नसते, पोलादी पत्रा ओढून केलेले असते, आणि त्यामागे एर्व्हीसारख्यांचा हिशेब आहे. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या आणि यंत्रे जुळवणाऱ्या मदतनिसांची नावे इतिहासात क्वचितच राहतात. त्याचे राहिले ते अशा रीतीने.

आता मुख्य आकड्याकडे. आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या महाविद्यालयात थॉमस अँड्र्यूज हा रसायनशास्त्राचा अध्यापक होता. केसासारख्या बारीक छिद्राच्या, जाड काचेच्या नळीत त्याने कार्बन डायऑक्साइड घेतला, पाऱ्याने कोंडला आणि स्क्रू फिरवून दाब वाढवत नेला. तापमान कमी असले की ठरावीक दाबाला नळीत द्रव दिसू लागे, द्रव आणि वायू यांच्यामधली सीमा स्पष्ट दिसे. पण नळी ३०.९२ अंशांच्या वर ठेवली की कितीही दाब द्या, सीमारेषा उमटतच नसे. वायू अधिकाधिक दाट होत जाई, द्रव म्हणावा असा भाग निराळा होत नसे. या तापमानाला त्याने क्रांतिक बिंदू असे नाव दिले आणि १८६९ साली रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात ते मांडले. आजचे मोजमाप ३०.९८ अंश आहे. काच, पारा आणि स्क्रू एवढ्यावर मिळवलेले उत्तर दीडशे वर्षांनी सहा शतांश अंशांनी बदलले. पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत येते आणि विद्यार्थी ते पाठ करतात. तो आकडा आपल्या दारातल्या तापमापकावरचा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

१८८०च्या दशकात द्रव कार्बन डायऑक्साइड पोलादी सिलिंडरांत भरून विकला जाऊ लागला. गिऱ्हाईक होते सोडावॉटर आणि बीअर करणारे. मग तो बंदुकीत घालण्याची कल्पना सुचायला वेळ लागला नाही. फ्रान्सच्या पॉल जिफारने त्या दशकाच्या शेवटी अशा बंदुका आणि पिस्तुले बाजारात आणली. वाफेच्या शक्तीवर चालणारे हवाई जहाज १८५२ मध्ये उडवणारा आँरी जिफार हा त्याचा भाऊ. पॉलच्या बंदुकीत नळीखाली द्रव वायूची एक बाटली लावलेली असे. धूर नाही, मोठा आवाज नाही, एका बाटलीवर शंभराहून अधिक बार. बंदुकीच्या दारूचे दिवस आता भरले असे तेव्हा काही लोकांना मनापासून वाटले.

तसे झाले नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्येच बिनधुराची दारू तयार झाली होती आणि दोन वर्षांत ती तिथल्या सैन्याच्या रायफलीत आली. जिफारच्या बंदुकीचा सगळ्यात मोठा फायदा त्यामुळे गेला. रिकामी बाटली भरून घ्यायला कारखान्याकडे पाठवावी लागे, ही दुसरी अडचण. तिसरी अडचण त्या वायूच्या स्वभावातच होती. शून्य अंशाला द्रव कार्बन डायऑक्साइडवरच्या वायूचा दाब सुमारे ३५ बार असतो (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका, मोटारसायकलच्या चाकात आपण दोनेक बार भरतो). १० अंशांना तो ४५ होतो, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. म्हणजे पौषात नेम धरून बसवलेली बंदूक वैशाखात उंच मारणार. पहिला आणि पन्नासावा छरा सारखा जाईल हे खरे, पण तो एकाच दिवशी, एकाच हवेत आणि सावकाश मारला तर. भरभर बार काढले तर द्रव उकळताना नळकांड्यातलीच उष्णता घेतो, नळकांडे हाताला गार लागते, दाब पडतो आणि छरे खाली पडू लागतात. शेगडी मोठी ठेवली की गॅसची टाकी बाहेरून ओलसर गार होते, तसेच हे.

सैन्यातून बाद झालेली कल्पना हौसेच्या वस्तूत जगली. तिचा दुसरा धागा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपर्यंत जातो. मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारा एक कारखाना होता आणि त्याचा धंदा नीट चालत नव्हता. क्लॅरेन्स हॅमिल्टन याने तिथे १८८८ मध्ये पूर्ण धातूची एक छोटी हवेची बंदूक आणून दाखवली. ती पाहून व्यवस्थापकाच्या तोंडून जो खुशीचा उद्गार निघाला त्यातला ‘डेझी’ हा शब्दच तिचे नाव झाला. पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ही बंदूक भेट द्यायची अशी योजना होती. लोक पवनचक्कीऐवजी भेटच मागू लागले, आणि १८९५ मध्ये कारखान्याने नावासकट धंदा बदलला. या बंदुकांत शिशाचे जे छरे घालत त्यांच्या मापाला शिकारी लोक ‘बीबी’ म्हणत, साधारण ०.१८ इंच. पुढे छरे पोलादाचे झाले, माप थोडे घटले, अक्षरे तशीच राहिली. आज पिस्तुलाच्या खोक्यावर ४.५ मिलिमीटर बीबी लिहिलेले असते ते या वंशातले. (प्लास्टिकच्या ६ मिलिमीटर गोळ्या मारणारी खेळातली पिस्तुले निराळी. त्यांतली बरीच प्रोपेनसारख्या वायूवर चालतात.) छोट्या एकवापरी नळकांड्यांची कल्पना आधी घरगुती सोडा सायफनसाठी आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पिस्तुलाच्या मुठीत शिरली. म्हणजे गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जो वायू नाकात झिणझिण्या आणतो, तोच छऱ्याला ढकलतो.

आता हे पिस्तूल अनसिंगला आणू. डिसेंबरात सकाळी १५ अंश असताना नळकांड्यातला दाब ५१ बारच्या आसपास असतो. आत द्रव आहे, वर वायू आहे, सगळे पुस्तकाप्रमाणे. एप्रिलच्या दुपारी सावलीतला पारा ४० वर गेला की अँड्र्यूजची सीमा मागे पडते. नळकांड्यात द्रव नावाचा पदार्थ उरत नाही. गच्च भरलेल्या नव्या नळकांड्याचा दाब आता शंभर बारच्याही पुढे जातो, आणि इथून पुढे तो तापमानाबरोबर फार झपाट्याने चढतो, कारण दाट झालेल्या वायूला फुगायला जागाच नसते. मग पिस्तुलाचे काय होते? छरे जास्त जोरात जातील असे वाटते आणि काही अंशी तसे होतेही. पण कित्येकदा उलट घडते. झडपेला आतून दाबणारा वायू इतका जोर लावतो की हातोडीच्या फटक्याने झडप उघडतच नाही. ‘खट्’ एवढाच आवाज होतो. चालवणाऱ्याला वाटते वायू संपला. तो उतावीळपणे मुठीचा स्क्रू सोडायला जातो आणि भरलेले नळकांडे फुसकारत हाताबाहेर येते. तो वायू सुटताना इतका गार होतो की कातडी भाजल्यासारखी होते. परदेशी कारखान्यांच्या सूचनापत्रात नळकांडी पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असे छापलेले असते. थंड देशातल्या वाचकाला ही दूरची गोष्ट वाटते. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत काय तापमान होते ते तापमापक ठेवून एकदा पाहावे.

घरातल्या गॅसच्या टाकीची तशी भीती का नाही, असे विद्यार्थी विचारतील. तिच्यातल्या प्रोपेन आणि ब्युटेन यांचे क्रांतिक तापमान अनुक्रमे ९७ आणि १५२ अंश आहे. वैशाखातही ते द्रवच राहतात.

खेळाच्या स्पर्धांनी यातून स्वतःचा मार्ग काढला. १० मीटर एअर रायफल १९८४ साली ऑलिंपिकमध्ये आली, एअर पिस्तूल १९८८ मध्ये. त्या काळात स्पर्धेची बरीच पिस्तुले कार्बन डायऑक्साइडवर चालत. १९९०च्या दशकात ती मागे पडत गेली आणि त्यांची जागा सुमारे २०० बार दाबाने भरलेल्या साध्या हवेने घेतली. हवेचे क्रांतिक तापमान शून्याखाली १४० अंश, त्यामुळे आपल्या कोणत्याही ऋतूत ती वायूच असते आणि वायूच्या नियमाने वागते. १५ अंशांवरून ४२ अंशांवर गेलो तर केल्विनमध्ये ते २८८ वरून ३१५, म्हणजे दाब वाढतो तो जेमतेम नऊ टक्के, आणि तोही मधला नियंत्रक सारखा करून देतो. तेवढ्याच फरकात कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे दुपटीच्या पुढे जाते. जिरार्दोनीची साठवलेली हवा अशा रीतीने दोनशेहून अधिक वर्षांनी परत आली. आपल्या अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत गेल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला गेल्या, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे ऋतूप्रमाणे बदलणारी बंदूक चालणार नाही.

तर मग, खेळणे की हत्यार? आम्ही हिशेब मांडतो. पोलादी छऱ्याचे वस्तुमान सुमारे ०.३४ ग्रॅम. पिस्तुलातून तो सेकंदाला १२० मीटर वेगाने निघाला असे धरू. त्याची गतिज ऊर्जा सुमारे अडीच ज्यूल होते. पाव किलोचे वजन एक मीटरवरून पडले तर तेवढीच ऊर्जा. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणाऱ्याच्या गोफणीतून ५० ग्रॅमचा दगड सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला तर त्यात बावीस ज्यूल असतात, म्हणजे नऊपट. आपल्या देशातले २०१६ चे शस्त्र नियम एअरगनसाठी २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर या मर्यादा धरतात. त्यांपैकी एक जरी ओलांडली तरी परवाना लागतो. या हिशेबाने गोफणच परवान्याच्या यादीत जायची! पण ऊर्जा ही अर्धीच गोष्ट आहे. छऱ्याचे अडीच ज्यूल पंधरा चौरस मिलिमीटरवर येतात. कातडीवर त्याने जखम होते. डोळ्यावर आला तर बुबुळ फुटते, आणि फॅरडेचे नशीब सगळ्यांना मिळत नाही. शिशाचा छरा आदळून चपटा होतो, पोलादी छरा मात्र दगडावरून, लोखंडी पत्र्यावरून, भिंतीवरून तसाच उलटा येतो. मघाशी डबा टणकन उडतो असे आम्ही लिहिले, त्या आवाजातच हा धोका आहे. म्हणून चालवणाराच नव्हे, शेजारी उभा राहणाराही चष्मा लावतो, आणि लक्ष्यामागे जुन्या चिंध्यांनी किंवा सरकीच्या कापसाने ठासलेले खोके असते. ज्या घरात ही तयारी करायला कंटाळा येतो त्या घरात पिस्तूल आणू नये असे आमचे मत आहे.

पाखरांवर मारणे हा निराळा विषय आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आहे आणि हत्यार परवान्याविना मिळाले म्हणून ती उठत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सोळाशेंहून अधिक बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या. तिथे जंगलातले पक्षी कमी होण्याशी या बंदुकांचा संबंध लोकांनी स्वतः पाहिला होता. दुसरी गोष्ट दिसण्याची. ही पिस्तुले बाहेरून हुबेहूब खऱ्यासारखी असतात. वरातीत किंवा बसस्टँडवर ती काढून दाखवणाऱ्याचे अडीच ज्यूल समोरच्या पोलिसाला दिसत नाहीत, पिस्तूल दिसते.

वर्गात पिस्तूल आणण्याची काहीच गरज नाही. नळकांड्यात कोंडलेला वायू मात्र विद्यार्थ्यांना हाताने मोजता येतो. १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला २३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. त्याचे पाच सारखे भाग करावेत, प्रत्येक भाग साधारण सपाट चमचाभर. एकेक भाग रिकाम्या फुग्यात भरावा, बाटलीत ऐंशी-नव्वद मिलिलिटर व्हिनेगर घ्यावे, फुगा तोंडावर ताणून बसवावा आणि मग उभा करून सोडा आत पाडावा. बाटली हळूहळू हलवावी. थोडा वायू पाण्यात विरघळून राहतो, तरी प्रत्येकी सव्वा लिटरच्या आसपास पाच फुगे फुगतात. हे पाच फुगे टेबलावर मांडून त्यांच्याशेजारी हाताचा अंगठा ठेवायला सांगावे. यात्रेत बंदूक फुगे फोडते. इथे पाच फुगे मिळून बंदुकीचे एक नळकांडे होते. त्यासाठी वायू चारशेपट आवळावा लागतो.

मोठ्या विद्यार्थ्यांना वर दिलेले चार आकडे आलेखावर मांडू द्यावेत : ० अंशाला ३५, १० ला ४५, २० ला ५७, ३० ला ७२ बार. बिंदू जोडून वक्र रेषा काढली की बहुतेक मुले पट्टीच्या आधाराने ती ४२ अंशांपर्यंत लांबवतात. तिथे थांबवून विचारावे, ही रेषा नक्की कशाची आहे? ती द्रव आणि वायू एकत्र नांदतात त्या दाबाची आहे. ३१ अंशांना ती संपते, पुढे ती नाहीच. पुढचा दाब काढायला नळकांड्यात वायू किती भरला आहे हे विचारावे लागते, आणि त्यासाठी आलेखावर एक रेषा पुरत नाही, भरलेल्या प्रत्येक मापाला वेगळी रेषा काढावी लागते. वर्गाच्या भिंतीवरच्या तापमापकात पाहून त्या दिवशीचा बिंदू रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो ते मुलांनीच आलेखावर खुणेने दाखवावे. जानेवारीत एकदा, मार्चच्या अखेरीस एकदा.